वाकून जायची वाट

नागोरावाच्या, म्हणजे माझ्या, हातून वस्तू हरवली, असं म्हणणारा माणूस तुम्हाला तारापूरच्या कामावर सापडला नसता. मी तिथं एका कंत्राटदाराचा स्टोअरकीपर होतो. अर्ध्या इंचाचे नट कुठल्या फळीवर, वायसर कुठल्या डब्यात, तुटक्या पान्याचा दांडा कुठल्या खिळ्याला, हे मी डोळे मिटून सांगायचो. पोरं चेष्टा करायची, "नागोअप्पांच्या डोक्यात फळ्या ठोकल्यात." मला ती चेष्टा आवडायची. पण एक वस्तू मी हरवली. म्हणजे हरवली असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. खरं काय झालं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

साल एकोणसत्तर. विजेच्या कारखान्याचं काम संपत आलं होतं. आमचं कंत्राट दिवाळीपर्यंतच, मग ज्यानं त्यानं आपापल्या गावचा रस्ता धरायचा. त्यात गांधीजींची जन्मशताब्दी आली आणि बोईसरात श्रमदानाची साथ पसरली. जो तो फावडं घेऊन निघालेला. आमच्या चाळीशेजारी आत्माराम मास्तर राहायचे. शाळेतून निवृत्त झालेले, पण छडी अजून आवाजात होती. श्रमदान समितीचे ते प्रमुख. आमच्या चाळीच्या गटाचं नाव नोंदवायला आम्ही पोचलो तोवर स्टेशनचा रस्ता एकानं उचललेला, शाळेचं आवार दुसऱ्यानं, विहिरीचा गाळ तिसऱ्यानं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "एक जागा उरली आहे. फिरंग्यांची माती."

नवापूरच्या वाटेवर ताडांची रांग संपते तिथं एक जुनं कबरस्थान होतं. किल्ला बांधणाऱ्या फिरंग्यांच्या वेळचं, असं लोक सांगायचे. भिंत अर्धी पडलेली. आत घाणेरी, करवंदीच्या जाळ्या आणि पुरुषभर उंचीचे निवडुंग. त्यांच्या खाली कुठं तरी क्रूस कोरलेले दगड. भुताच्या भीतीनं तिकडं कुणी फिरकत नसे, गुरंसुद्धा नाहीत.

बन्सी माझ्या खोलीतला सोबती, परभणीकडचा. तो चटकन म्हणाला, "गुरुजी, दोन ऑक्टोबरला यंदा पितृपंधरवडा चालू असणार. घरचे पितर वाट बघत बसणार अन् आम्ही लोकांच्या पितरांचं अंगण झाडायचं?"

"त्यांचं अंगण झाडायला कुणी उरलं नाही, म्हणूनच," मास्तर म्हणाले.

मग मीच म्हणालो, "लिहा आमचं नाव."

बन्सीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मला वेड लागलंय. त्याला काय सांगणार? आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. वडील, आजोबा, सगळे आमच्या शेताच्या बांधाला बसलेले आहेत. लहानपणी त्यांच्या सावलीत आम्ही हुरडा खाल्ला. मेलेल्या माणसाच्या जागेचं मला भय नव्हतं. आणि दुसरं कारण होतं ते मी मास्तरांनाही सांगितलं नाही. त्याच बांधाला चार वर्षांपूर्वी माझी बायको बसली होती. गोजर. बाळंतपणात गेली, मूलही गेलं. तार मला उशिरा मिळाली. उदगीरला उतरून गावात पोचलो तो तिसरा दिवस. भावांनी माती देऊन टाकली होती. एवढा लांबून आलो आणि माझ्या वाट्याला मूठभर मातीसुद्धा आली नाही. त्यानंतर चार वर्षांत मी गावी फिरकलो नव्हतो. तिच्या जागेवर काय उगवलंय, कोण झाडतंय, माहीत नव्हतं. कुणाची तरी जागा झाडावी, असं फार वाटत होतं.

तर दोन तारखेला, गुरुवारी, आम्ही वीस जण कोयते-कुदळी घेऊन पोचलो. आधी सगळे भिंतीपाशी घुटमळले. मग मी पहिली घाणेरी तोडली आणि काही झालं नाही, तशी बाकीच्यांना जोर चढला. दुपारपर्यंत निम्मं रान आडवं. आणि मग माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. नुसती सफाई करून मला चैन कसं पडणार? मी तीन ढीग पाडले. दगडांचा एक, लाकडाचा एक, फुटकी मडकी आणि लोखंडाचा तिसरा. जे सापडेल ते ज्याच्या त्याच्या ढिगात. आडवे पडलेले क्रूसाचे दगड आम्ही उचलून उभे केले, तेही दोरी लावून सरळ ओळीत, कारखान्याच्या वसाहतीतल्या घरांसारखे. मास्तर खूश. मीही खूश. कुठला दगड कुठून उचलला, हे त्या गडबडीत कुणी पाहिलं नाही.

त्या दिवशी दुपारी भिंतीच्या खिंडारात एक कोळीण उभी राहिली. डोक्यावर मासळीची पाटी, नवापूरहून बोईसरच्या बाजाराला निघालेली. वय पस्तिशीच्या आसपास. कपाळाला मोठं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. बराच वेळ ती नुसती बघत राहिली.

"काय पायजे, बाई?"

"काय नाय, दादा. किती साफ करनार?"

"सगळं," मी ऐटीत म्हणालो. "रविवारी येऊन बघा. जागा ओळखू यायची नाही तुम्हाला."

तिनं लाकडाच्या ढिगाकडं पाहिलं. "ता लाकूड कशाला काढलाव?"

"सडकं आहे. चहाला जळण होईल."

ती आणखी काही बोलेल असं वाटलं. पण पाटी सावरून निघाली. दहा पावलं गेल्यावर परत आली, पाटीतनं दोन बोंबील काढून भिंतीवर ठेवले. "घ्या. कष्ट करताव." मी म्हणालो, "आम्ही खात नाही, बाई." ती कसनुशी हसली आणि बोंबील उचलून गेली. बन्सी आठवडाभर मला त्यावरून शिव्या देत होता, की निदान त्याच्या वाटचे तरी ठेवून घ्यायचे होते.

रविवारी उरलेलं काम काढलं. शेवटचे निवडुंग गुरुवारीच तोडले होते. बुंध्यांवर चीक वाळून पांढरा झाला होता. त्यातल्या एकानं माझ्या तळहातात काटा मोडला होता, तो अजून सलत होता. आम्ही भिंतीला चुना फासत होतो. इतकं मोकळं, इतकं स्वच्छ आवार की आवाज घुमायचा.

नऊच्या सुमारास नवापूरच्या बाजूनं चार माणसं आली. पुढं कोळ्यांचे पाटील, डोक्याला तांबडा रुमाल. मागं कुदळ घेतलेला एक गडी. एक म्हातारी, काठी टेकत. आणि सर्वांत मागं ती गुरुवारची कोळीण. या वेळी डोक्यावर पाटी नव्हती.

खिंडारातून आत आल्याबरोबर ती थबकली. समोर पाहिलं, डावीकडं पाहिलं, परत समोर पाहिलं. तिचा चेहरा असा उतरला की माझ्या हातातला चुन्याचा कुंचला तसाच राहिला.

"कुटं?" पाटलांनी विचारलं.

ती अजून समोरच बघत होती.

"जयवंती, तुला इचारतो. कुटं पुरलास?"

"हितं काट्यांची जाली व्हती," ती हळूच म्हणाली. "जाली नाय आता."

मास्तर पुढं झाले. कोण, काय, कशाला, अशी चौकशी केली. पाटलांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना त्या बाईचा रागही येत होता आणि कीवही.

जयवंतीचा नवरा हरेश्वर. बारा वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत होडी घेऊन गेला तो आला नाही. होडीची एक फळी मिळाली, माणूस मिळाला नाही. तेव्हाच पंचांचं म्हणणं पडलं की दर्भाचा पुतळा करून जाळावा आणि मोकळं व्हावं. म्हातारी हिरूआय ही हरेश्वरची आई. तिनं सांगितलं, पुतळा करायचा तर त्याच्या अंगावरचं कापड पुतळ्याला गुंडाळायला पाहिजे, नवं कापड चालायचं नाही, आमच्या घरात तशी रीत आहे. घरात बघतात तर हरेश्वरचा एक कपडा नाही. सदरा नाही, रुमाल नाही, काही नाही. जयवंतीनं सगळं उचलून कुठं तरी दडवलेलं. मारलं, उपाशी ठेवलं, माहेरी धाडलं. बोलली नाही. कुंकू पुसलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत. पुतळा राहिला. गाव म्हणायचं, हिला वेड लागलंय.

"आता बारा वर्सा भरली," पाटील म्हणाले. "बारा वर्सांनी तरी करायलाच पायजे, नायतर त्याला गती नाय. म्हातारी आज हाय, उद्या नाय. गनपतीत हिनं कबूल केला. येत्या अवसेला करू बोलली. काल विचारला कापड कुटं, तर सांगते फिरंग्यांच्या मातीत, मडक्यात घालून पुरलाय. आमी कोन हिकडं येत नाय ना, म्हनून. दर पंदरा दिसांनी बाजाराला जाताना बगून येते, सांगते."

मी जयवंतीकडं पाहिलं. नवऱ्याला जाळू नये म्हणून हिनं त्याचे कपडे कबरस्थानात पुरले होते. आणि बारा वर्षं दर पंधरा दिवसांनी, बाजाराच्या वाटेवर, भुताखेतांच्या जाळीत शिरून ते आहेत ना हे बघून येत होती.

"काही खूण ठेवली होती का?" मास्तरांनी विचारलं.

"बोया व्हता," ती म्हणाली. "जाल्याचा. काटीवर खोचला व्हता."

जाळं तरंगावं म्हणून त्याला लाकडाचे गट्टू बांधतात, त्यांना बोया म्हणतात. मी लाकडाच्या ढिगाकडं गेलो. गुरुवारच्या आणि आजच्या चहात निम्मा ढीग संपला होता. तळाशी हात घातला आणि तो लागला. नारळाएवढा, ऊन-पावसानं करडा झालेला, कडेला दोन आडव्या चिरा आणि एक तिरपी. त्या किनाऱ्यावर ज्याच्या त्याच्या बोयावर घरची खूण असते, हे मला नंतर कळलं. तिच्या हातात दिला तशी तिनं त्या तीन चिरांवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाली, रागानं नाही, "हा कुटं व्हता, दादा?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. भंगाराला मी कधीच फळी नेमून देत नसे. उपटलं, फेकलं, संपलं.

"मला... मला आठवत नाही," मी म्हणालो. त्या वेळी ते खरं होतं.

"अप्पा, तुमाला आठवत नाही?" बन्सी मोठ्यांदा म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता, त्याला खरंच धक्का बसला होता.

पाटलांनी गड्याला सांगितलं, खण सगळीकडं. मास्तर आडवे आले. हे कबरस्थान आहे, कुणाच्याही छातीवर कुदळ घालू देणार नाही. आवाज चढले. म्हातारी एका पडक्या दगडावर बसून राहिली होती, ती काठीनं मातीवर रेघा ओढत होती. जयवंती बोया पोटाशी धरून मध्येच उभी. मला स्वतःचीच चीड आली. हिनं ही जागा बारा वर्षं जपली होती, एक दिवस मी लावला आणि सगळं सरळ ओळीत लावून ठेवलं.

मी तिच्याजवळ गेलो. "बाई, तुम्ही जायचात कशा? कुठून शिरायचात?"

"हितून," तिनं खिंडार दाखवलं. "मंग वाकून. काटं व्हतं ना. डोलं उघडून कवा गेलेय मी? डोलं मिटून जायची."

"मग तशाच जा. जाळी आहे असं समजा."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग बोया तिनं सासूच्या मांडीवर ठेवला, परत खिंडारात गेली, लुगड्याचा ओचा घट्ट खोचला आणि वाकली.

सपाट, झाडलेल्या, चुन्याचा वास येणाऱ्या त्या आवारात ती कमरेत वाकून चालू लागली. चार पावलं सरळ. मग डोकं एकदम खाली, जशी वर आडवी फांदी आहे. डाव्या हातानं काही तरी बाजूला सारलं. एक खांदा पुढं काढून तिरपी झाली, अंग चोरलं, पदर सोडवून घेतला. तिथं काही नव्हतं. आमच्यातली दोघं-तिघं पोरं फिसकन हसली. ती उजवीकडं वळली, गुडघ्यावर आली, हातांवर रांगत दोन हात गेली, परत उठली. एका जागी तिनं पाय उंच उचलून टाकला. तिथं मूळ असणार. पोरांचं हसू केव्हा थांबलं कळलं नाही. बन्सीनं हातातली चुन्याची बादली खाली ठेवली. आम्ही तोडलेली सगळी जाळी ती आम्हाला परत दाखवत होती, फांदी न फांदी. मला तर काटेसुद्धा दिसायला लागले.

निवडुंगाच्या एका बुंध्याला डावीकडून वळसा घालायला ती वळली आणि त्याच्या अलीकडं दोन हातांवर थांबली. थांबली म्हणजे तिचं अंग थांबलं. गुडघे आपोआप दुमडले, अर्धवट उकिडवी झाली, उजवा तळवा जमिनीवर टेकला. निजलेल्या लेकराचा ताप बघावा तसा. त्या क्षणी माझ्या तळहातातला काटा ठणकला आणि मला सगळं आठवलं. हाच निवडुंग. त्याच्या पसरलेल्या कांडांखाली, नेमकं तिथंच, हात घालून मी काहीतरी करडं, गोल उपटलं होतं, तेव्हाच काटा मोडला होता. जागा बरोबर होती. तसूभर चुकली नव्हती.

मी "सापडलं" म्हणणार होतो. शब्द अगदी ओठांवर होता.

तिनं तळवा उचलला. हळूच, त्यावरची माती न झटकता. उभी राहिली आणि पुढं चालू लागली. परत वाकून, परत फांदी सारल्यासारखं करत. पण आता ती सरळ त्या निवडुंगाच्या बुंध्यावरून गेली. ज्या काट्यांना बारा वर्षं वळसा घातला त्यांच्यावरून, जणू तिथं काही नव्हतंच. तिथून पुढं सहा पावलं गेली, इकडं तिकडं पाहिलं आणि कंबर सरळ केली.

"नाय," ती म्हणाली. "नाय सापडत."

पाटलांचा विश्वास बसेना. ते माझ्याकडं वळले. "तुमी काढलाव बोया. आता तरी आठवा. ही चालली तवा काय आठवला का?"

वीस माणसं माझ्याकडं बघत होती. जयवंतीही बघत होती. तिच्या डोळ्यांत विनवणी वगैरे काही नव्हती. मी काय बोलतो याची ती नुसती वाट पाहत होती, आणि बारा वर्षं वाट पाहणाऱ्या बाईला आणखी थोडी वाट पाहणं जड नव्हतं.

मला आमच्या घरातली पत्र्याची पेटी आठवली. मी गोजरची पेटी तेराव्या दिवशी उघडली होती. तिथंही मी ढीग पाडले होते. चांगली लुगडी बहिणीला, जुनी धुणं-भांडीवालीला, बांगड्या, फणी, काजळाची डबी, ज्याचं त्याला. एका दुपारी पेटी रिकामी करून, पुसून, भावाच्या बायकोला दिली. सगळे म्हणाले, नागोराव किती खंबीर आहे. खंबीर कसला? मला वाटलं, आवरलं की संपेल. मग बोईसरच्या खोलीत चार वर्षं मी रोज तिचं काही तरी शोधत होतो. फणीतला केस नाही. चिंधी नाही. तिच्या निळ्या लुगड्याचा काठ कसा होता, हेही आता मला नीट आठवेनासं झालं होतं.

"नाही पाटील," मी म्हणालो. "मी सगळं लाकूड एकत्र टाकलं. दगडही हलवले. कुठून काय काढलं, मला काही सांगता येणार नाही. चूक माझी आहे. बाईंना बोल लावू नका."

मास्तरांनी लगेच माझी बाजू घेतली, श्रमदानात असं व्हायचंच, हेतू चांगला होता वगैरे. पाटील वैतागले. म्हणाले, मग नव्या कापडावर करू, देवाला सगळं कळतं.

"नाय!"

हा आवाज म्हातारीचा. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. काठी टेकून उठली. "नव्या कापडावर चालायचा नाय. बारा वर्सा सांगते मी. माझ्या लेकाचा पुतला त्याच्या कापडाबिगर पेटू देनार नाय. सापडंल तवा करू. नाय सापडला त नाय." आणि सुनेकडं वळून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा शिव्या हासडल्या. वेडी म्हणाली, घरबुडवी म्हणाली. जयवंती खाली मान घालून ऐकत राहिली.

पाटील पुटपुटत निघाले, त्यांच्यामागं गडी. म्हातारीला खिंडारातल्या दगडांवरून उतरवायला मी हात दिला. तिचा हात वाळक्या माशासारखा हलका होता. तिनं माझ्याकडं वर पाहिलं आणि फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "नीट बगलाव ना तुमी? खरोखर नाय आठवत?"

"नाही, आई."

"बरा झाला," ती म्हणाली. "आता परत आठवू नका."

मी तिथंच उभा राहिलो. त्या घरात नवं कापड चालत नाही, ही रीत कुणाची होती, ते मला तेव्हा कळलं. बारा वर्षं एका घरात दोन बायका एका माणसाला जिवंत ठेवत होत्या. एकीनं कपडे दडवले, दुसरीनं त्या कपड्यांवाचून जाळू दिलं नाही, आणि एकमेकींना त्या कधी हे बोलल्या नव्हत्या. वाट उतरताना म्हातारीनं बोया सुनेच्या हातात दिला आणि तिच्याच खांद्यावर हात टाकला.

अमावस्या आली आणि गेली. चाळीत माझी चेष्टा सुरू झाली, की अप्पांच्या फळ्या ढिल्या झाल्या. मी ऐकून घेतलं. अमावस्येनंतरच्या रविवारी मी एकटाच सायकलवरून फिरंग्यांच्या मातीत गेलो. भिंतीबाहेर फेकलेल्या निवडुंगाचं एक कांड अजून हिरवं होतं. ते उचलून आणलं आणि त्या बुंध्याच्या अलीकडं, दोन हातांवर, लावलं. निवडुंगाला काय, माती लागली की पुरे. आजूबाजूला घाणेरीच्या तीन-चार फांद्याही खोचल्या. ज्यानं आवार झाडलं त्यानंच तिथं काटे लावावेत, हे मास्तरांनी पाहिलं असतं तर समितीतून नाव कापलं असतं.

मग मी तिथं बसलो. माझ्या खाली, हातभर मातीखाली, एक सदरा आणि एक रुमाल घडी करून ठेवलेले होते. कुणी येऊन घालेल म्हणून. मला गोजरची इतकी आठवण आली की मी तोंडात उपरणं कोंबून रडलो. चार वर्षांत पहिल्यांदा. तिचं एक, निदान एक लुगडं मला असं कुठं तरी पुरून ठेवता आलं असतं.

खिंडारात बांगड्या वाजल्या. जयवंती उभी होती, डोक्यावर पाटी. किती वेळ ते माहीत नाही. तिनं नव्यानं लावलेलं कांड पाहिलं, घाणेरी पाहिली, माझं तोंड पाहिलं. पाटी भिंतीवर ठेवून आत आली. येताना ती वाकली नाही, पण जिथं फांदी होती तिथं तिची मान जराशी खाली झाली.

"तुमचा कोन?" तिनं विचारलं.

"बायको."

"काय ठेवलाव तिचा?"

"काही नाही, बाई. सगळं देऊन टाकलं."

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. लांब कुठं तरी समुद्राचा आवाज येत होता. मग म्हणाली, "नाव काय तिचा?"

आमच्याकडं नवराही बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. आणि ती गेल्यावर घ्यायचं कशाला आणि कुणासमोर? चार वर्षांत ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं.

"गोजर," मी म्हणालो.

"गोजर," ती म्हणाली. बारशाला बाळाच्या कानात सांगावं तशी, हळू आणि स्पष्ट. मग तिनं निवडुंगाच्या कांडाभोवतीची माती दोन्ही तळव्यांनी दाबून घट्ट केली, उठली आणि पाटी डोक्यावर घेतली. "दर पंदरा दिसांनी येते मी हितं. तिचा पन नाव घेत जाईन."

बोईसरचा बाजार भरायची वेळ झाली होती. ती ताडांच्या सावलीतून झपाझप गेली. मी सायकल काढली आणि त्याच आठवड्यात गावी जायची रजा मागितली.